हात लावायचा नाही

मी माझ्या लेकीवर कधी हात उगारला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एका बाईंनी मला तोंडावर विचारलं होतं, "घरी मारता का हो हिला?" इतकी वर्षं झाली, पण तो प्रश्न आठवला की मी हातातलं काम टाकून उठते, खोलीत दोन फेऱ्या मारते आणि मग परत येऊन बसते. मारायची गरजच नव्हती मला. माझे डोळे पुरत होते.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमचे हे बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून होते आणि आम्ही शिरवण्यात भाड्यानं राहत होतो. मी साताऱ्याकडची. लग्नाआधी मी एवढंच ऐकलं होतं की नवऱ्यामुलाला नवी मुंबईत नोकरी आहे. माझ्या डोळ्यांसमोर लिफ्ट, गच्ची, खिडकीतून दिसणारं शहर. प्रत्यक्षात मिळाली गावठाणातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावरची एक खोली, बाहेरून जाणारा लोखंडी जिना आणि पत्र्याखाली मोरी. सेक्टरमधल्या बिल्डिंगा त्या मोरीतून दिसायच्या, तेवढंच समाधान.

खाली मालकांचं घर. त्यांची भातशेती शहरासाठी गेली होती आणि त्यानंतर जुन्या कौलारू घराच्या जागी हे दुमजली घर उभं राहिलं होतं. घरमालकीण साठीच्या, नऊवारी काष्ट्यातल्या, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत रंगीत टीव्ही, फ्रीज आणि भिंतभर काचेचं कपाट. त्या कपाटात उभे ग्लास, कपबश्या, कुणीतरी गल्फमधून आणलेली बाहुली, असं काय काय. आमच्या खोलीत यातलं काहीच नव्हतं. आणि माझी पोरगी रांगायला लागली ती नेमकी जिन्याच्या दिशेनं.

तुम्हीच सांगा, माझा जीव कसा होत असेल? एक ग्लास फुटला, एक काच तडकली, आणि उद्या मालक म्हणाले, बाई, दुसरी खोली बघा, तर जायचं कुठं? म्हणून मी पोरीला चालायच्या आधी एक गोष्ट शिकवली. लोकांच्या घरात कशाला हात लावायचा नाही. कुणी काही दिलं तर आधी आईकडे बघायचं. मी डोळे मोठे केले की नाही. मी पापण्या मिटून उघडल्या की घे. बास. तोंडानं एक अक्षर नाही, चारचौघांत तमाशा नाही.

आणि पोरगी शिकली हो! दीड वर्षाची असताना हळदीकुंकवाला गेलो, तर बायकांनी पुढे केलेली तिळाची वडी तिनं घेतली नाही. हात पाठीमागे बांधले आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "काय वळण लावलंय बाई!" म्हणाल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग मी पापण्या मिटल्या आणि तिनं वडी घेतली. बायका टाळ्या वाजवायच्याच बाकी राहिल्या होत्या.

मावशींना मात्र ते कधीच आवडलं नाही. त्या तांदळाची गरम भाकरी नि तळलेल्या बोंबलाचा तुकडा घेऊन पोरीसमोर बसायच्या आणि पोरगी मान वळवून मला शोधायची. मी जिन्यावर उभी. मला वाटायचं, रोज रोज त्यांच्याकडचं खायला लागली तर लोक म्हणतील, भाडेकरूनं पोर सोडलीय मोकाट. मी डोळे मोठे करायचे. पोरीचे हात मागे.

"अगो, खाऊ दे की पोरीला," मावशी ओरडायच्या. "माझे घरची भाकर हाय, विष नाय! पोरीचं पोट तिचं हाय का तुझे डोल्यांचं?"

मी हसून वेळ मारून न्यायचे. मनात म्हणायचे, तुमची नात बघा आधी. मावशींची नात माझ्या लेकीच्याच वयाची, पण काय कार्टी! टीव्हीवर चढायची, फ्रीज उघडून तूप चाटायची, पाहुण्यांच्या चपला विहिरीत टाकायची. देवळाच्या सभामंडपात गावची बालवाडी भरायची, तिथं ती जायची. शेंबूड फ्रॉकला पुसत, दुसऱ्याच्या हातातला पेरू हिसकावत. मावशी म्हणाल्या होत्या, तुझी पण पाठव. मी नाक मुरडलं. माझी पोर तिथं जाऊन बिघडेल असं मला वाटलं. आता वाटतं, काय अक्कल होती मला!

पोरगी साडेतीन वर्षांची झाली आणि शाळेचा विषय सुरू झाला. सेक्टरमध्ये एक नवी शाळा निघाली होती, ज्युनियर केजीपासून दहावीपर्यंत. आत शिरलं ते ज्युनियर केजीत, बाहेर पडायचं ते दहावी होऊनच. मधल्या वर्गात कुणाला घ्यायचे नाहीत, जागाच नसायची. म्हणजे दार एकदाच उघडणार. चालत जाण्याइतकी जवळ आणि आमच्या आवाक्यातली तेवढी एकच. बाकीच्या शाळा एकतर फार महाग, नाहीतर बसनं जावं लागेल इतक्या लांब. मला बारावीच्या वर्षात स्थळ आलं आणि परीक्षेच्या आधी माझं लग्न लागलं. ते माझ्या मनात कायम सलत असतं. पोरीच्या बाबतीत एकही दार तिच्या तोंडावर बंद झालेलं मला चालणार नव्हतं. तिला त्याच शाळेत घालायचं, मग आकाश कोसळो.

फॉर्मसोबत एक सायक्लोस्टाइल केलेला कागद मिळाला. वर लिहिलेलं, "आपले मूल शाळेसाठी तयार आहे का?" खाली यादी. नाव-पत्ता सांगता येतो का? रंग ओळखता येतात का? दहापर्यंत अंक म्हणता येतात का? स्वतःच्या हाताने खाते का? शी-शू सांगते का? आईशिवाय अर्धा तास बसू शकते का? मी पेन घेऊन बसले आणि टिक, टिक, टिक. माझी पोरगी तयार नाही तर कुणाची तयार असेल?

तरी चैन कुठे पडतंय! मी भांडी घासताना विचारायचे, "पालकाचा रंग?" ती म्हणायची, हिरवा. केर काढताना विचारायचे, "सातानंतर काय?" ती म्हणायची, आठ. अंगणात मावशींनी जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घातलेला असायचा. मी जिन्यावरून विचारलं, "जवळा?" मला म्हणायचं होतं, रंग कोणता. ती म्हणाली, "मावशीआजीचा. हात नाही लावायचा." मी म्हटलं, शाब्बास!

आमचे हे पेपर खाली करून म्हणायचे, "टेन्शन नको घेऊ गं. साडेतीन वर्षांची पोर ती. कलेक्टरची परीक्षा आहे का?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणायचे. "तुमचं काय जातंय!"

शाळेनं मुलांना बघायला शनिवारी बोलावलं होतं. सकाळी मी तिला घेऊन गेले. दोन वेण्या, लाल रिबिनी, पावडर, नवा फ्रॉक. व्हरांड्यात पालकांसाठी बाक होता. बाई बाहेर आल्या, चष्म्यातल्या, शांत आवाजाच्या. त्यांनी पोरीचं बोट धरून तिला आत नेलं आणि दार लोटलं. पूर्ण नाही. बोटभर फट राहिली आणि मी त्या फटीला डोळा लावला.

आत एक बुटकं टेबल होतं. त्यावर लाकडी ठोकळे, चेंडू, खडू, पाटी, बाहुली, एका बशीत बिस्किटं. पोरगी माझ्याकडे पाठ करून बसलेली. नाव विचारलं, सांगितलं. पत्ता सांगितला, पिनकोडसकट. रंग सांगितले, अंक म्हटले, एक कविता हातवारे न करता घडाघडा म्हटली. माझी छाती फुगली. मग बाई म्हणाल्या, "आता तुला हवं ते घेऊन खेळ हं," आणि बाजूला जाऊन बसल्या.

पोरीचे हात पाठीमागे गेले. नेहमीसारखे, एकात एक गुंतवलेले.

मला वाटलं, थोडा वेळ जाईल, मग घेईल. तिनं मान वळवली. आधी खिडकीकडे, मग कपाटाकडे, मग दाराकडे. ती रडत नव्हती, घाबरली नव्हती. ती माझे डोळे शोधत होती. मी फटीतून एका डोळ्यानं बघत होते, तो तिला दिसणार कसा? मी दार जरा ढकलायला गेले तर शाळेतल्या मावशी धावत आल्या, "बाई, बसा हो खाली!" मी बसले. उठले. परत बसले. खिडकीशी जाऊन टाचा वर केल्या, पण खिडकी उंच. बाईंनी तिच्यासमोर खडू धरला. हात मागेच. बिस्कीट धरलं. हात मागेच. चेंडू मांडीवर ठेवला, तर तो घरंगळून खाली पडला आणि तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. चेंडू तिला किती आवडायचा ते मला माहीत होतं. 

वीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या. "बोलते फार छान," म्हणाल्या. "पाठांतर उत्तम. पण एकाही वस्तूला हात लावला नाही तिनं. इथं मुलांनी हातांनी काही करणं महत्त्वाचं असतं. आई नसताना. मला वाटतं, ती अजून शाळेसाठी तयार नाहीये." मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्यांनी तो प्रश्न विचारला. "घरी मारता का हो हिला?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! "मी? मी मारते? अहो, शिरवण्यात जाऊन कुणालाही विचारा! एक चापट दिली असेल तर ही जीभ झडेल माझी. उलट एवढी शहाणी पोर तुम्हाला अख्ख्या सेक्टरमध्ये मिळणार नाही. आणि जी कार्टी हाताला लागेल ते ओरबाडतात त्यांना तुम्ही घेता!" बाकावरचे बाकीचे पालक माझ्याकडे बघायला लागले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "शहाणी आहे, ते दिसलंच. पुढच्या शनिवारी परत आणा, त्याच दिवशी यादी लावणार आहोत. मात्र तुम्ही फाटकाबाहेर थांबायचं. ती सारखी दाराकडे बघत होती आणि दाराखालून तुमच्या चपला फिरताना दिसत होत्या."

परत येताना मी तिला जवळजवळ ओढतच चालले होते. हायवेच्या बाजूनं धूळ उडत होती. तिच्या रिबिनी सुटल्या, मी बांधल्या नाहीत. "चेंडू का नाही घेतलास? सांग ना! का नाही घेतलास?"

ती म्हणाली, "तू दिसलीच नाहीस."

मी रस्त्यातच थांबले.  मी तिला कडेवर घेतलं आणि घरी येईपर्यंत खाली सोडलं नाही. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो. म्हणून घरी आल्यावर मी ह्यांच्यावर ओरडले.

त्यात संध्याकाळी कळलं, मावशींच्या नातीची त्याच शाळेतली मुलाखत आधीच्या शनिवारीच झाली होती आणि तिला घेतलंय म्हणून सांगितलंसुद्धा होतं. तिनं म्हणे ठोकळ्यांचा डोंगर करून त्याला लाथ मारली, बाईंच्या पर्समधला कंगवा काढून बाहुलीचे केस विंचरले, दोन बिस्किटं खाल्ली आणि तिसरं चड्डीच्या नाडीत खोचून आणलं. ती तयार! माझी तयार नाही!

रविवारपासून मी कंबर कसली. खोलीच्या मधोमध डबे, चमचे, काडेपेटी, बटाटे, सगळं मांडलं. "घे! तुला हवं ते घे!" पोरगी माझ्याकडे बघायला लागली. "माझ्याकडे नको बघू!" तिनं जमिनीकडे बघितलं. "अगं, घे ना!" म्हणताना वैतागानं माझे डोळे मोठे झाले आणि तिचे हात तडक मागे गेले. शेवटी मी भिंतीकडे तोंड करून बसले. म्हटलं, "हे बघ, मी बघतच नाही. आता घे." डबा वाजतोय का म्हणून कान दिला. वळून बघितलं, तर तीही माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसलेली.

मला हसावं की रडावं ते कळेना. दारात मावशी उभ्या होत्या, कधी वर आल्या होत्या कोण जाणे. त्या हसल्या नाहीत.

"पोरीला येतंय सगलं," त्या म्हणाल्या. "तू शिकवलंस तसंच वागते ती. आथा तू तिचे समोरशी हल."

"शाळेत तिचं काही झालं नाही तर, मावशी..."

"शाला, शाला! ती शाला जेथं हाय तेथं आमचं खाचर होतं. सून होऊन आयले तवा मी पयल्याच दिवशी चिखलान उतरलेली. माझी नाय कोनी परीक्षा घेतली. रोज सकाली पोरीला माझेकडं ठेव आनि तू वर र्‍हा. खाली उतरलीस तर माझेशी गाठ हाय, सांगून ठेवते!"

सोमवारी मी तिला खाली सोडलं आणि वर आले. काय सांगू, त्या सकाळी मी तीनदा केर काढला. निवडलेले तांदूळ परत निवडले. धुतलेली चादर परत धुतली. मध्येच जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन कान द्यायचे, परत मागे यायचे. खालून टीव्हीचा आवाज, नातीचा धिंगाणा, मावशींची बडबड. माझ्या पोरीचा आवाज नाहीच. दुपारी मावशी म्हणाल्या, सकाळभर पायरीवर बसलेली होती, हात मागे.

मंगळवारी मावशींनी तिला अंगणात जवळ्यापाशी बसवलं आणि कावळे हाकायला काठी दिली. काठी तिनं घेतली म्हणे, पण बऱ्याच वेळानं. कावळा अगदी जवळ येऊन टोच मारायला लागला तेव्हा. बुधवारी ती वर आली ती कोपरापर्यंत जवळ्याच्या वासानं भरलेली. फ्रॉकला टरफलं, केसांत कचरा. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली. मी साबण घेतला आणि तिचे हात धुतले, नुसते धुतले. 

गुरुवारी खाली काहीतरी खळ्ळकन फुटलं.

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. मावशी त्यांच्या दारात उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीला दोन बाजूंनी लावून.

"वर जा," त्या म्हणाल्या.

"मावशी, काय फुटलं? कपाटातलं? मी नवीन आणून देते, तुम्ही यांना काही सांगू नका, मी..."

"कोन मागतंय तुझेकडं? वर जा म्हनते ना!"

"मला तिला बघू तर द्या!"

"तेच नाय देनार! तुझे डोले घेऊन वर जा!"

एवढ्या मोठ्यानं त्या माझ्यावर पहिल्यांदाच ओरडल्या होत्या. मला वाटलं, संपलं. खोली गेली, शाळाही गेली. आणि त्यांच्या पाठीमागून माझ्या पोरीचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा, न रडता. "आजी, इथं पण एक काच आहे. मी उचलू?"

मावशींनी मान न वळवता सांगितलं, "बोट सांभाल. झाडू घे कोपऱ्यातला."

मी वर आले, मोरीत नळ मोठा केला आणि रडले. भीती वाटत होती, हलकंही वाटत होतं, आणि मावशींचा राग तर इतका आला होता की विचारू नका. माझ्या पोरीला मी बघायचं नाही? हे कोण सांगणार मला? पण संध्याकाळपर्यंत मी खाली गेले नाही. कपाटातला एक उभा ग्लास कमी झाला होता. त्याबद्दल त्या घरात कुणी एक शब्द काढला नाही.

शनिवार उजाडला. हे म्हणाले, "मी रजा टाकू का?" मी म्हटलं, नको, तुम्ही असलात की मी जास्त चिडते. मी तिला घेऊन गेले, शाळेच्या फाटकाशी बाईंच्या हातात तिचा हात दिला आणि बाहेर थांबले. मला सांगितलं होतं तस्सं. रस्त्याच्या कडेला नुकती लावलेली रोपं होती, लोखंडी पिंजऱ्यांत. मी पहिल्या पिंजऱ्यापासून शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत चालत होते, परत फिरत होते. वॉचमन म्हणाला, "ताई, बसा ना. तुमच्याकडे बघून मला गरगरायला लागलंय." मी म्हटलं, "मग नका बघू."

आत काय चाललं असेल? तिनं खिडकीकडे बघितलं असेल का? दाराकडे? मी नाही, हे तिला कळलं असेल. हात मागे गेले असतील का? माझ्या डोळ्यांसमोर तो मांडीवरून घरंगळणारा चेंडू सारखा येत होता. या वेळी नाही झालं तर दार बंद. मग बालवाडी, मग जी मिळेल ती शाळा, मग सगळं माझ्यासारखं अर्धवट. मी देवाला एकच मागत होते, तिला काहीतरी उचलू दे. काहीही. बाईंचा चष्मा उचलला तरी चालेल!

अर्ध्या तासानं बाई तिचं बोट धरून फाटकाकडे येताना दिसल्या. दोघींच्या हातांना खडू लागला होता. पोरीच्या फ्रॉकवर पांढरे पंजे उमटलेले. तिचा एक गाल फुगलेला, तोंडात संत्र्याची गोळी. बाई लांबूनच हसल्या. ते हसू बघूनच मला कळलं की झालं. पोरीनं उचललं. खेळली. मागून गोळी घेतली, किंवा न मागता घेतली, देव जाणे.

आणि माझे डोळे मोठे झाले.

देवाशप्पथ सांगते, मी रागावले नव्हते. मला इतका आनंद झाला होता की उडी मारावीशी वाटत होती. पण लोकांच्या दारात, फुगलेला गाल, न विचारता घेतलेली गोळी, हे दिसलं आणि डोळे आपोआप झाले तसे. अडीच-तीन वर्षांची सवय ती, माझ्या हातात राहिली नव्हती.

पोरगी जागच्या जागी थांबली. तिनं बाईंचं बोट सोडलं, ओंजळ तोंडाशी नेली, गोळी तिच्यात थुंकली आणि ओंजळ माझ्यासमोर धरली. केशरी, चिकट, अर्धी विरघळलेली गोळी. हातावरच्या खडूत मिसळून तिचा चिखल झाला होता.

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्या ओंजळीकडे, मग परत माझ्याकडे. घरी मारता का हो, हे त्यांनी या वेळी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. आता यादीतून नाव काढतील, मला वाटलं. माझ्या हातांनी नाही, डोळ्यांनी घालवलं मी सगळं.

मी तिथंच धुळीत गुडघ्यांवर बसले. "खा, बाळा," म्हटलं. "खा. आई रागावली नाही गं. खरंच."  मी पापण्या मिटल्या, उघडल्या. परत मिटल्या, परत उघडल्या. घे. घे ना.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. माझा चेहरा वाचत होती ती, वरून खालपर्यंत. मग तिनं मान वळवली, वर केली आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओंजळ तशीच धरून.

वाट बघत राहिली.

बाईंना ते कळलं. मलाही कळलं. त्या क्षणभर घुटमळल्या, मग त्यांनी हळूच मान हलवली. पोरीनं गोळी तोंडात टाकली आणि चोखायला लागली. माझ्याकडे तिनं पुन्हा बघितलं नाही.

"जूनपासून पाठवा," बाई म्हणाल्या. "मुलगी तयार आहे."

ज्या शब्दांसाठी मी आठ दिवस वणवण केली होती ते हेच. मी हो म्हटलं, दोनदा म्हटलं. मग पदरानं तिचे हात पुसायला घेतले, तर तिनं ते सोडवून घेतले आणि बाईंचं बोट परत धरलं.